सहावी गोळी कोणाची

हेम्लॉक रन, पेन्सिल्व्हेनिया
१२ मे १९८६

चि. डॉयल यास,
अ. आ. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. ॲरिझोनाच्या कोरड्या हवेनं तुझा खोकला कमी झाला हे वाचून बरं वाटलं. रायफल विकली का, असं तू पुन्हा विचारलंस. विकली नाही आणि विकणारही नाही. ती मीच चालवते.

हसू नकोस. तू तळघरात ठेवून गेलास ते सगळं, म्हणजे रायफल, काडतुसं भरायची यंत्रं, तो नाजूक तराजू, हे बघायला दोघे जण आले होते. दोघांनीही माझ्या खांद्यावरून आत डोकावून घरात कोणी पुरुषमाणूस आहे का असं विचारलं. मी आयुष्यभर या डोंगरातून बर्फातसुद्धा शाळेची बस चालवली, आणि एका रायफलीबद्दल माझ्याशी बोलायला यांना कमीपणा वाटतो. दोघांनाही दारातूनच वाटेला लावलं आणि हार्लन मामाला फोन करून म्हटलं, मला शिकव.

आपला मामा कसा शिकवतो ते तुला ठाऊकच आहे. सुरुवातीला कितीतरी दिवस त्यानं मला गोळी झाडूच दिली नाही. क्लबाच्या नेमबाजीच्या मैदानावर सिमेंटच्या टेबलामागे बसवून नुसते वाऱ्याचे झेंडे बघायला लावले. जवळचा कुठे फडफडतोय, मधला कुठे, आणि पार हजार यार्डांवरचा शेवटचा कुठे. सांग बघू, सांग बघू, असा एकच धोशा. आता आमची टेबलं शेजारी शेजारी असतात, तरी स्वतः झाडण्याआधी तो हळूच माझी परीक्षा घेतो. मी सांगते, तो हुं म्हणतो. एवढंच त्याचं कौतुक.

परवा मात्र मामाची एक गोळी पलीकडच्या टेबलवाल्याच्या निशाणाच्या कागदावर गेली. इतक्या लांबून सगळे कागद सारखेच दिसतात, दुर्बिणीत नंबर नीट बघितला नाही की झालं. पण कागद मोजायला आले तसा मामा लगेच उभा राहिला, टोपी काढली आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं, माझी आहे, म्हणाला. तुमच्या क्लबातली ही एक रीत मला फार आवडली.

बाकी रीती आवडल्या नाहीत. तुमचा अध्यक्ष मर्ल ब्रिकर यानं मला पहिल्याच दिवशी सांगितलं की स्वयंपाकघरात हात कमी पडतायत. मी त्याला म्हटलं की बिटाच्या रसात मुरवलेली अंडी मी घरून करून आणली आहेत, ती त्यानं खावीत आणि माझं नाव नेमबाजांच्या दुसऱ्या तुकडीत घालावं. त्यानं दोन्ही केलं, पण तोंड वाकडं करून.

तब्येतीला जप. बहिणीवरची माया रायफलीपेक्षा थोडी जास्त असू दे.

तुझी,
लिओना

ट्यूसॉन, ॲरिझोना
२ जून १९८६

ती. लिओनाताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी खुर्चीतून उठलो आणि पुन्हा बसलो. मी तुला वीक म्हणालो होतो, चालव म्हणालो नव्हतो. त्या नळीला मी लेकरासारखं जपलंय. प्रत्येक खेपेनंतर साफ करतेस ना? दारू तराजूवर तोलून घेतेस की पिठासारखी अंदाजानं टाकतेस? हे विचारलं म्हणून चिडू नकोस. चिडलीसच तर आधी साफ कर आणि मग चीड.

मामाचं वाचून काळजी वाटली. वर्षातली त्याची ही पहिली चूक झाली. दुसरी झाली तर डोळ्यांच्या डॉक्टरची चिठ्ठी आणल्याशिवाय टेबल मिळत नाही, हा नियम तुला कोणी सांगितलाय का? मी चिटणीस असताना तो झाला, आणि मांडला होता खुद्द मामानंच. म्हातारे झाल्यावर लोक हट्ट करतात, त्यांना आधीच बांधून ठेवावं, असं तेव्हा तो म्हणाला होता. तेव्हा तो म्हातारा नव्हता.

तुझा ग्रुप, म्हणजे कागदावरच्या पाच भोकांचा झुबका, किती लहान येतो ते कळव. मोठा आला तर दोष तुझा, लहान आला तर रायफलीचा, हे आत्ताच ठरवून टाकतो.

धाकट्या भावाचं बोलणं पोटात घाल.

तुझा,
डॉयल

हेम्लॉक रन
१८ ऑगस्ट १९८६

चि. डॉयल यास,
अ. आ. वि. वि.

रागाच्या भरात लिहितेय, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस.

शनिवारी स्पर्धा होती. सकाळी दरीत धुकं होतं, ते उठलं आणि वारा पडला. अशी शांत हवा मिळावी म्हणून लोक वर्षभर वाट बघतात. मामानं नेहमीप्रमाणे शेवटचा झेंडा विचारला, मी सांगितलं, आणि आम्ही दोघांनी झाडायला घेतलं. मी पाच गोळ्या इतक्या निवांत सोडल्या की पाचवी सुटल्यावरच श्वास घेतला. आपलं चांगलं झालं की आतून कळतं, डॉयल. मला कळलं होतं.

निशाणांखालच्या खड्ड्यात बसणाऱ्या मंडळींनी कागद उतरवून ट्रकमधून वर आणले. माझ्या कागदावर पाच भोकं एकमेकांना इतकी चिकटून होती की हाताच्या पंज्याखाली झाकली जातील. आणि त्यांच्यापासून वीतभर लांब, खाली डावीकडे, सहावं भोक. शेजारी मामाचा कागद. त्यावर चार.

आता तूच सांग, यात न कळण्यासारखं काय आहे. मर्लनं रांगेला विचारलं की ही कोणाची. मी मामाकडे बघितलं. त्याचा हात टोपीपर्यंत गेला आणि तिथेच राहिला. मग त्यानं टोपी नीट केली आणि म्हणाला की त्याची एक गोळी कागदाबाहेर गेली असावी. हार्लन मामाची गोळी कागदाबाहेर. हे ऐकून मागचे दोघे तिघे खाली बघायला लागले. दोन्ही रायफली तुझ्या त्याच कारागिराच्या, गोळीही एकाच मापाची, त्यामुळे भोकावरून काही सिद्ध होत नाही.

कोणी पुढे आलं नाही की सहाही भोकं मोजायची, हा नियम. मर्लनं मोजपट्टी लावली आणि वर्षातला सगळ्यात लहान झुबका बघता बघता चारचौघांसारखा झाला. नाहीतर क्लबाच्या भिंतीवरच्या विजेत्यांच्या फळीवर यंदा माझं नाव लागलं असतं. त्या फळीवर आजवर एकाही बाईचं नाव नाही. वर मर्ल म्हणतो की पहिल्याच वर्षी इतकं हावरं होऊ नये.

मला मर्लचा राग नाही, तो तसाच आहे. मला मामाचा राग आलाय. ज्यानं मला शिकवलं त्यानं माझ्या हातातलं काढून घेतलं, आणि तेही गप्प बसून. मी त्याच्याशी बोलणं टाकलंय. रविवारी त्याच्याकडे पोहोचवायची कोंबडी आणि वाफल्स मी शेजारच्या कुत्र्याला घातले.

माझ्या बाजूनं एक शब्द लिही. बाकी कोणी बोलत नाहीये.

तुझी,
लिओना

ट्यूसॉन
२७ ऑगस्ट १९८६

ती. लिओनाताईस,
सा. न. वि. वि.

एक शब्द कसला, चार पानं लिहिली होती. बायकोनं वाचली आणि अशी भाषा टपालातून जात नाही म्हणून फाडली.

हा शुद्ध अन्याय आहे. मामा असो की मामाचा बाप असो. एकाच्या कागदावर सहा आणि शेजाऱ्याच्या कागदावर चार, हे तर तुझ्या बसमधल्या पहिलीतल्या पोरालाही जुळवता येईल. तू समितीकडे लेखी तक्रार कर. सप्टेंबरअखेर क्लबाचं हॅम पॉटपायचं, म्हणजे डुकराच्या मांसाच्या रश्श्याचं, जेवण असतं, त्याआधी समिती बसते. मी जुना चिटणीस म्हणून माझंही पत्र जोडायला तयार आहे. चारचौघांत विचारलं की मामा खोटं बोलू शकणार नाही. त्याला ते जमतच नाही, म्हणून तर कागदाबाहेर गेली असावी असं अर्धवट काहीतरी म्हणाला.

तू नेम धरलास, तू वारा वाचलास, काडतुसंही तूच भरलीस. रायफलीचं श्रेय मी मागे घेतो. ते सगळं तुझं आहे आणि ते तू मिळवच.

तुझ्या रागात सहभागी असलेला,
डॉयल

हेम्लॉक रन
८ सप्टेंबर १९८६

चि. डॉयल यास,
अ. आ. वि. वि.

तुझं पत्र समितीला पाठवू नकोस. पाठवलं असलंस तर तार करून परत मागव. आता सांगते ते पूर्ण वाच आणि मग काय चिडायचं ते चीड.

तक्रार लिहून मी पाकिटात घातली होती. परवा शनिवारी नेहमीचा सराव होता. मामा माझ्या शेजारच्याच टेबलावर. आम्ही दोघं एकमेकांशी बोलत नाही हे सगळ्या रांगेला माहीत, त्यामुळे आमच्यामध्ये कोणी उभंही राहत नव्हतं. मामानं रायफल वाळूच्या पिशव्यांवर बसवली, दुर्बिणीला डोळा लावला आणि थांबला. बराच वेळ थांबला. मग डोकं उचलून माझ्याकडे वळला, तोंड उघडलं, आणि काही न विचारताच पुन्हा दुर्बिणीकडे गेला.

मग त्यानं झाडल्या. कागद वर आला तेव्हा भोकं चारी कोपऱ्यांत होती, डॉयल. मुठीनं वाटाणे फेकावेत तशी. त्या दिवशी वारा लांब पलीकडे उलटा वाहत होता. शेवटच्या झेंड्यावर ते स्पष्ट दिसत होतं. मला दिसत होतं.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हा माणूस इतके दिवस माझी परीक्षा घेत नव्हता. त्याला शेवटचा झेंडा दिसतच नाही, आणि कागदावरचा नंबरही नाही. मी शिकतेय म्हणून इतकी खूश होते, आणि मी त्याचे डोळे होते. मला न विचारता. मला इतका संताप आला की मी रायफल पिशवीत घालून तडक गाडीत जाऊन बसले. निदान सांगायचं तरी. मी काय नाही म्हणाले असते?

गाडीत बसून विचार केला. मामी गेल्यापासून त्या माणसाला शनिवारशिवाय दुसरा वार नाही. दुसरी चूक नोंदली की डॉक्टरची चिठ्ठी लागणार, आणि असल्या डोळ्यांना चिठ्ठी देईल असा डॉक्टर या जिल्ह्यात नाही. म्हणजे हात टोपीपर्यंत जाऊन का थांबला ते कळलं. कळलं म्हणून राग गेला असं समजू नकोस. राग तसाच ठेवून मी मर्लच्या घरी गेले आणि सांगितलं की सहावी गोळी माझीच होती. मोजताना चुकले, एक जास्त झाडली.

मर्लला कोण आनंद झाला. बायकांना कृती वाचून दुप्पट साखर घालायची सवय असते, असं काहीतरी बोलला. माझा कागद बाद झाला. आता सहासुद्धा नाहीत, काहीच नाही. मी परत येताना सगळ्या वाटेनं मामाला, मर्लला आणि तुझ्या रायफलीला शिव्या घालत होते. चांगलं वागायला लागलं म्हणून इतका राग मला आयुष्यात आला नव्हता.

आता मला शहाणपण शिकवायला जाऊ नकोस. तेवढी कृपा या बहिणीवर कर.

तुझी,
लिओना

हेम्लॉक रन
रविवार, २८ सप्टेंबर

चि. लिओनास,
आशीर्वाद आहेतच, पण आज ते मागाहून.

तू माझ्याशी बोलत नाहीस, म्हणून हे लिहून तुझ्या टपालपेटीत टाकतोय. अक्षर मोठं आहे. का ते तुला माहीत आहे.

काल पॉटपायच्या जेवणाला तू आली नाहीस. मर्लनं सगळ्यांसमोर तुझ्या मोजण्याची गोष्ट रंगवून सांगितली, आणि लोक हसले. ते हसणं ऐकल्यावर मला पहिल्यांदा कळलं की तू काय करून ठेवलंयस. माझ्या ताटातला घास ताटातच राहिला.

तुला हे करायला कोणी सांगितलं होतं? मी सांगितलं होतं? माझी दया येण्याइतकी तू कधी मोठी झालीस? तुझ्या आईच्या कडेवर बसून माझी टोपी ओढायचीस तू. मी गप्प बसलो ते वाईट केलं, ते माझं मी बघून घेतलं असतं. रोज ठरवत होतो की आज सांगू, उद्या सांगू. पण तू मधे येऊन ती गोळीच माझ्याकडून काढून घेतलीस. आतापर्यंत मी एका चुकीचा धनी होतो. तू मला फुकट्या केलंस.

मी तिथेच उभा राहिलो आणि टोपी काढली. वाढप चालू होतं, ते थांबलं. मी सांगितलं की ती गोळी माझी आहे, आणि लिओना खोटं बोलते, आणि तिला खोटं बोलता येत नाही हे मर्लला कळलं नाही म्हणजे डोळ्यांची चिठ्ठी त्यानंही आणायला हवी. माझा नियम मला लावा म्हटलं. मर्लनं वहीत लिहिलं आणि तुझा जपून ठेवलेला कागद काढून पाच भोकं पुन्हा मोजली. झुबका बरोबर तेवढाच आला जेवढा त्या सकाळी होता. फळीवर तुझं नाव चढतंय. मला ते वाचता यायचं नाही, पण मी जवळ जाऊन बोटानं चाचपून बघेन, त्यांनी अक्षरं कोरून काढलीत की नुसती रंगवलीत ते.

माझं टेबल गेलं. घरी आलो आणि बूट न काढता बसून राहिलो. वाईट वाटतंय, खूप वाटतंय, ते लपवत नाही. पण ते माझं वाईट वाटणं आहे, आणि त्यातही तू हात घालू नयेस.

वीतभर चुकलेली, खाली डावीकडे गेलेली, जशी असेल तशी ती माझ्या शेवटच्या स्पर्धेतली गोळी होती. ती तू तुझ्या नावावर घातलीस याचा राग माझ्या मनातून इतक्यात जायचा नाही. तोवर आशीर्वाद घे.

तुझा,
हार्लन मामा