सातवी आणि आठवी पिन

३ फेब्रुवारी, सोमवार

तीन पीस परत आले! वसईच्या कंपनीकडून, पुठ्ठ्याच्या खोक्यात, वर लाल पेनाने — पिन मागे सरकली.

नवजात बाळांना ऊब देणाऱ्या मशीनची वायरिंग. आमच्या नवघरच्या गाळ्यात जोडली जाते, तपासून सही मी करते. त्यांच्याकडे चाचणीतच अलार्म वाजला म्हणून निभावलं. आत बाळ असतं तर? दिवसभर हेच डोक्यात.

कमळाकर सर, म्हणजे मालक, मात्र पाच मिनिटांत मोकळे. "पिना कोण बसवतं? स्वप्नाली. झालं!"

काय झालं? काहीच झालं नाही अजून.

४ फेब्रुवारी

सरांनी फॉर्म दिला. तीन रकाने — दोष, कारण, जबाबदार व्यक्तीचं नाव. पहिले दोन त्यांनीच भरलेले. कारण: कामगाराचा निष्काळजीपणा. तिसऱ्यात मी स्वप्नालीचं नाव लिहायचं, खाली सही करायची. मग ती येत्या शनिवारपासून घरी बसणार आणि चारशे पिसांचा पुढचा लॉट सोमवारी रवाना होणार.

म्हटलं, नाही करणार.

"मॅडम, एका सहीला एवढा विचार? लग्नाच्या रजिस्टरवर करताना केला होतात का?"

"तिथे करायचा राहिला, म्हणूनच इथे करतेय!"

सगळा गाळा हसला. (अभिनवला हे सांगायचं नाही. नवऱ्याला विनोद कळतो, पण उशिरा.)

५ फेब्रुवारी

स्वप्नालीसमोर स्टूल टाकून बसले. मुर्ध्याची, कोळ्याघरची, दोन मुलींची आई. म्हटलं, काही सांगू नकोस, फक्त काम कर.

वायरच्या टोकाची पिन मागच्या बाजूने हाऊसिंगच्या, म्हणजे बारा भोकांच्या प्लास्टिकच्या ठोकळ्याच्या, भोकात सरळ सारते. टक्! पिनेच्या पाठीवरची बारीक जीभ आतल्या खाचेत अडकली की तो आवाज. मग वायर चिमटीत धरून हलकेच मागे ओढते. हलली नाही तरच पुढची. अशा बारा झाल्या की लॉकची पट्टी दाबायची. पन्नास पीस बघितले. ओढायला एकदाही विसरली नाही! मीच शिकवलंय तिला.

चुकली फक्त दोनदा — सातव्या भोकातली पांढरी वायर आठव्यात, आठव्यातली राखाडी सातव्यात. ट्यूबलाइटखाली दोन्ही सारख्याच दिसतात. सगळ्यांचंच होतं, टेस्टिंगला पकडलं जातं. ते पीस माझ्या टेबलावर घेतले, सुईने जीभ दाबून पिना काढल्या, जागा बदलून त्याच पिना परत घातल्या. उगाच नवी पिन वाया घालवायची नाही, हा माझा नियम. हे नाजूक काम मी कुणाच्या हाती देत नाही.

"टक् ऐकू नाही आलं तर कसं कळतं गं?"

"हाताला कळतं, ताय. बापासंगं गळ टाकायची मी. मासा लागला का आधी हाताला कळतं." मग खाली बघून, "माझं नाव लिवलंव का?"

रकाना रिकामा आहे. रिकामाच राहील.

६ फेब्रुवारी

पॅकिंगचा रोशन — "मॅडम, लॉक नहीं बैठता तो पक्कड़ से दबा दूँ?" पक्कड जप्त!

७ फेब्रुवारी, शुक्रवार

परत आलेले तिन्ही पीस उघडले. दोनात सातवी सैल, एकात आठवी. बाकी दहा भोकं ठणठणीत! निष्काळजी माणूस काय भोकं निवडून निष्काळजी होतो?

सर म्हणाले, "सातव्या पिनेला तिला शिंक येत असेल."

पांढरी-राखाडीचा घोटाळा आठवला. पण ते पीस तर माझ्या हातून नीट होऊन जातात. म्हणजे ते नाही.

सांगून टाकलं — चारशेच्या चारशे तपासणार, तोवर गाडी भरायची नाही.

"मग स्वप्नालीबरोबर तुम्हीही घरी बसा!"

"बसवा. कारण लेखी द्या."

लेखी म्हटल्यावर केबिनमध्ये निघून गेले. पण घरी येताना एकच विचार. सेहेचाळीसाव्या वर्षी, फिजिक्सच्या बी.एस्सी.ला, दुसरी नोकरी कोण देणार? आणि मी इतकी ठाम कुणासाठी? तिच्यासाठी, की माझी तपासणी चुकत नाही हे दाखवायला? खरंच माहीत नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार

स्वप्नाली येईपर्यंत गेटवर थांबले. तिला घेऊनच आत गेले. सर दार सोडून बाजूला झाले!

एकशे ऐंशी पीस झाले. पाच सैल. सातवी, नाहीतर आठवी.

जेवताना तिने जवळ्याची चटणी वाढली. "ताय, तुमी भांडता तवा चश्मा नाकावर येतो. सर त्या चश्म्यालाच भितात."

९ फेब्रुवारी

अभिनव — "आज रविवार आहे. कुकरचं झाकण लागलंय. ओढून बघू नकोस!"

तरी बघितलं.

१० फेब्रुवारी, सोमवार

चारशे पूर्ण. सैल एकूण अकरा.

"अकरा बाजूला काढा, बाकीचे पाठवा, तिचं नाव लिहा. विषय संपला," सर.

"कारण सापडल्याशिवाय एकही पीस हलणार नाही."

"आणि शेवटी तीच निघाली तर?"

"जी कुणी निघेल तिचं नाव मी स्वतः लिहीन. मोठ्या अक्षरात!"

सगळ्यांसमोर बोलले. बोलले ते बरं झालं. उद्या अकराही पीस भिंगाखाली.

११ फेब्रुवारी

अकराही सैल पिनांची जीभ चपटी. प्रत्येकीवर सुईचा ओरखडा. काढलेली पिन परत घालायची तर दबलेली जीभ आधी उचलावी लागते. कुणी उचलली नव्हती.

सुई गाळ्यात एकच आहे. माझ्या ड्रॉवरमध्ये, पांढरी-राखाडीची जागा बदलायला. आणि परत घातलेली पिन मी त्याच वेळी कधी ओढून बघितली नाही.

तिसरा रकाना भरला — माझंच नाव, नीलिमा. मोठ्या अक्षरात.

सर म्हणाले, "खोडा, मॅडम. स्वप्नालीचं लिहिलं तर कुणाला कळणारे?"

नाही खोडणार!