एडवणच्या देवीचा कौल

घिवली,
१४ एप्रिल १९६७

ती. नागोरावभाऊजींना विजयाचा साष्टांग नमस्कार.

इकडे मी नि मंदा खुशाल. तुमचा गुडघा आता कसा आहे? जाऊबाईंनी पाठवलेलं लोणचं मंदानं आठवड्यात संपवलं.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे मंदाला घेऊन एडवणच्या देवीला जाऊन आले. हे गेल्यापासून तुमचं एकच चाललंय, मंदाला घेऊन गावी ये, एकट्या बाईनं परमुलखात राहू नये. शेवटी ठरलं की देवीला विचारायचं नि तिचा कौल दोघांनीही मानायचा. तुम्ही शब्द मागितलात, मी दिला.

देऊळ फार जुनं आहे. गाभाऱ्याची पायरी मधोमध झिजून खोलगट झाली आहे. यांना वीजकेंद्राच्या बांधकामावर काम लागलं तेव्हा आम्ही तिघं त्या देवळात गेलो होतो. यांनी मंदाला खांद्यावर बसवून घंटा वाजवायला लावली होती. तिला आता ते आठवत नाही. मला फार वाईट वाटलं.

बरं, कौलाचं. गुरवानं देवीच्या दोन्ही खांद्यांना ओली फुलं चिकटवली. उजवं आधी पडलं तर हो, डावं पडलं तर नाही. मी विचारलं, "बालवाडीतली नोकरी धरून इथंच राहू का?"

भाऊजी, डावं पडलं. त्यानं हात काढला नि लगेच पडलं.

"देवी नाय म्हनते, बाई," गुरव म्हणाला. मी तिथंच बसून राहिले. मागे रंभाबाई म्हणून एक कोळीण उभी होती. ती म्हणाली, "आमाला पन डावा पडतो कधी. म्हनून काय होडी वाळूत कुजवायची?"

उजवं पडलं असं तुम्हाला लिहिता आलं असतं. तुम्ही थोडेच विचारायला येणार होतात? पाच दिवस हेच मनात घोळत होतं, म्हणून पत्राला उशीर. पण मग मी इथं राहिले ती देवीच्या हुकमानं, असं झालं असतं. मला तिच्या आड लपायचं नाही. मी माझ्या मर्जीनं राहतेय. शब्द मोडला तो मी मोडला. देवीलाही त्या दिवशीच तोंडावर तेच सांगितलं, नारळ ठेवला नि उठले.

जूनमध्ये मंदा चौथीत जाईल, इथल्याच शाळेत. न्यायला येऊ नका, भेटायला जरूर या. त्या दिवशी देवळातून निघताना मंदानं घंटा वाजवली. चवड्यांवर उभी राहिली की आता तिचा हात पोचतो.

तुमचं नि देवीचं, दोघांचंही न ऐकलेली
तुमची भावजय,
विजया