ओंडक्यातला न्यूटन

मी, पुष्पलता नत्थूजी दुरुगकर, वय शहात्तर, राहणार महाल, नागपूर, शिक्षण चौथी. गुडघे गेले आहेत, डोकं शाबूत आहे. डॉक्टरांनी तसं लिहून दिलं आहे. कोणी धाक घातला नाही, कोणी लाडीगोडी लावली नाही. माझ्या मागे काय कोणाचं, ते आपल्या मनाने लिहिते.

१. राहतं घर माझ्या नावावर आहे. वरचा मजला थोरल्या मनोहरला, खालचा धाकट्या ओमप्रकाशला. नळ एकच आहे, भांडू नये. बँकेतली ठेव दोघांना सारखी. पाटल्या दोन्ही सुनांना एकेक. इथवर सोपं.

२. लाकडी बैलांची वाटणी होणार नाही. तोंडाने सांगून थकले, म्हणून कागदावर.

ओमप्रकाशची खुशी पाचवीत होती. तान्ह्या पोळ्याला सगळी पोरं लाकडी बैल सजवून नेतात, तर ही आजोबांना म्हणाली, "आबाजी, मले सूर्यवाला बैल पाहिजे, कोपर्निकसचा." यजमान सुतार. त्यांनी बैलाच्या पाठीवर पितळी सूर्य बसवला, भोवती पृथ्वी फिरती ठेवली. सजावटीच्या स्पर्धेचे पंच म्हणाले, "बैलावर महादेव बसवा, हे काय?" मला असा राग आला की बैल घेऊन दारात आलेल्या पोरांना बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, द्यायलाही विसरले.

पुढच्या वर्षी केप्लर. ग्रहांची वाट गोल नाही, जराशी दाबलेली. मग दुर्बीणवाला गॅलिलिओ. त्याला म्हातारपणी घरातच डांबलं होतं म्हणे. त्याचं दुःख मला गुडघ्यांमुळे कळतं. मग हार्वे, ज्याने रक्त हृदयातून निघून परत हृदयातच येतं हे दाखवलं. त्या बैलाला यजमानांनी लाल दोरी गुंडाळली. बक्षीस एकालाही नाही. पंचांना मी माफ केलेलं नाही.

३. हार्वे सध्या मनीषनगरला, मनोहरच्या फ्लॅटमधल्या शोकेसमध्ये आहे. थोरली सून रुख्मिणी घेऊन गेली. मागायला गेले तर म्हणते, "आई, दोन तुमच्याकडे, दोन आमच्याकडे. बैलाची जोडीच असते ना! अजून एक द्या."

म्हटलं, "कुठून तोडू वं? सूर्य मधात आणला नसता तर केप्लरनं वाट कोणाभोवती काढली असती? अन हार्वे ज्या गावात शिकला, तिथंच गॅलिलिओ मास्तर होता, खुशी सांगते. तो तिथं काचेत एकटा काय करून राहिला?"

मनोहर म्हणाला, "आई, तुले सायन्समधलं काय समजते?"

"सायन्स नाही समजत गा. पण कोणतं लेकरू कोणामागून झालं, हे माय विसरत नाही."

तो हसला. बैल दिला नाही.

४. म्हणून लिहिते: चारही बैल, यजमानांचा रंधा, करवत, पटाशा आणि पलंगाखालचा सागवानी ओंडका खुशीला. हार्वे रांगेत परत येईपर्यंत मनोहरला वरच्या मजल्याची किल्ली देऊ नये. हे वकीलसाहेबांना विचारून लिहिलं आहे.

ओंडका न्यूटनचा आहे. गॅलिलिओ गेला त्याच वर्षी न्यूटन जन्मला, असं खुशी म्हणते. त्यात कॅलेंडरचा काही घोळ आहे, तो मला कळला नाही. यजमानांनी ओंडक्यावर पेन्सिलीने शिंगं काढली आणि दिवाळीआधी गेले. खुशी तो पुरा करायला बसली तर मनोहर म्हणाला, "पोरीच्या हातात पटाशी कायले?" आता ती पोरगी पॉलिटेक्निकला आहे, आणि पटाशी धरते तेव्हा जीभ दातात पकडते, अगदी आबाजींसारखी. हे लिहिताना मला हसू येऊन राहिलं, अक्षर हललं ते त्यामुळे.

५. माझ्या मागे पहिल्या तान्ह्या पोळ्याला रांग दारातून निघावी. सूर्य पुढे, मग केप्लर, दुर्बीण, हार्वे. न्यूटन तयार नसेल तर खुशीला घाई करू नये. ओंडक्यालाच चाकं लावावी, झूल घालावी, आणि मनोहरने स्वतः दोरी धरून ओढावा. पंचांनी विचारलं हे काय, तर त्यानेच सांगावं: येऊन राहिला आहे.

लिहून देणार: पुष्पलता नत्थूजी दुरुगकर (सही माझीच, वाकडी आहे)

साक्षीदार: १. रुपराव, शेजारी २. तुळसाबाई, समोरच्या घरच्या
(खुशीला मिळायचं आहे, म्हणून तिची सही घेतली नाही.)

ठिकाण: महाल, नागपूर
दिनांक: तान्हा पोळा, २०२५