राहूच्या रानातले जागे डबे

२ फेब्रुवारी, रविवार
डायरी एक जानेवारीला शिरूरच्या स्टँडवर घेतली. पहिल्या पानावर 'रोज लिहिणे' एवढं लिहिलं आणि महिना गेला. चूक माझी नाही. मध्ये वरवंडला मोबाईलच्या दुकानात लागलो होतो. आठ दिवसांनी सोडलं, मालकाला दूरदृष्टी नव्हती. आता मात्र लिहायलाच पाहिजे. राहू गावच्या मारुतराव आबांच्या रानात नेटवर्क बसवायचं काम मला मिळालंय. म्हणजे सुमितला मिळालं. तो लहानपणापासनं दोस्त, पाबळला हेच काम शिकलेला. त्यानं मला बरोबर घेतलं. पण डोकं माझं.

५ फेब्रुवारी
कांद्यात अठरा छोटे डबे पुरले. ते जमिनीची ओल मोजतात. बॅटरीवर चालतात म्हणून झोपतात, पाव तासानं उठून निरोप देतात, परत झोपतात. (आई म्हणाली, तुझ्यासारखेच.) निरोप पुढं न्यायला चार मोठे डबे. ते सतत जागे. एकाकडनं दुसऱ्याकडं करत आबांच्या ओट्यावरच्या मोबाईलपर्यंत आणतात. सुमित म्हणाला, मोठ्यांना सोलरवर घे. प्लेटा खांबाला बांधल्या, पण मध्येच केडगावला बैलगाड्याचा सराव बघायला गेलो, तिथं जोडणीच्या पिना पडल्या. शेजारीच पाण्याच्या मोटारींच्या लाकडी पेट्या होत्या. आतनंच लाईट दिली, मोठे डबे आतच ठेवले, कुलूप लावलं. सुटसुटीत. सुमितला सांगायचं राहिलं.

७ फेब्रुवारी, दुपार
मोबाईलवर अठरा हिरवे ठिपके. आबा खूश. शनिवारी पंधराला पाणी गटाचे अकरा शेतकरी बघायला येणार. पसंत पडलं तर अकरा रानं, दोघांना वर्षभर काम.
ठराव: लवकर उठणे. इंग्रजी सुधारणे.

१० फेब्रुवारी, सोमवार
अठराच्या अठरा मुके. सुमित सकाळपासनं कांद्यात उकिडवा बसून एकेक डबा तपासतोय. मला म्हणाला, मोठ्या डब्यांचं काही बदललंस का? म्हणजे संशय माझ्यावर. फार लागलं. नाही म्हणालो. खरंच बदललं नाही, पहिल्यापासनं तसंच आहे.

१२ फेब्रुवारी
शोध लागला. मोबाईलमध्ये जुने निरोप चाळले. रात्री दहा ते सकाळी सहा सगळं ठीक येतं, सहानंतर चिडीचूप. विचार पक्का होत होता तेवढ्यात आबांचा माऊली डोळे चोळत आला. ह्या आठवड्यात लाईट रात्रीची, रात्रभर पाण्याची दारं धरून पार कंटाळलाय म्हणे. त्याचं रडगाणं ऐकण्यात अर्धा तास गेला. नंतर परत विचाराला लागलो. दिवसा रानात कोण असतो? सुमित. रात्री कोण नसतो? सुमित.
आपलाच माणूस.

१५ फेब्रुवारी, शनिवार
अकराजण आले, ठिपका एक नाही. कुणीतरी म्हणालं, ओल बघायला ह्याच्यापरीस आमचा पायाचा अंगठा बरा. आबा म्हणाले, काय रं हे? मी गप्प राहू शकलो असतो. पण दोस्ती एकीकडं, खरं एकीकडं. सांगून टाकलं, दिवसा हाच बंद करतो, मला बाजूला सारून एकट्याला काम घ्यायचंय त्याला.
सुमित भांडला नाही. "सम्राट, तुला मी आणलाय हितं," एवढंच बोलला. आबांनी त्याला बांधावर पाय ठेवू नको म्हणून सांगितलं. तो चपला हातात घेऊन सऱ्यांमधनं निघून गेला.
भांडला नाही म्हणजे कबुलीच. मला आबांनी आठ दिवस वाढवून दिले.

१७ फेब्रुवारी, सोमवार
सकाळी साडेआठला अठरा हिरवे! तो गेला आणि नेटवर्क जिवंत झालं. आणखी पुरावा काय पाहिजे? गावाच्या व्हॉट्सॲपवर टाकलं, 'किडा काढला, सिस्टीम चालू.' सत्तावीस अंगठे आले.
जेवण मात्र गेलं नाही. विश्वासघात पचायला वेळ लागतो.

२० फेब्रुवारी
वायरमन गोकुळ दुपारी खांबावर चढायचं म्हणून लाईन बंद करून आला. त्याला मोबाईल दाखवत होतो, दाखवता दाखवता अठरा विझले. त्यानं पेटी उघडायला लावली. बघून हसला.
"मोटारीच्या लाईटीवर बसवलंस व्हय? मंग मागल्या आठवड्यात लाईट रात्रीची, तवा रात्रीचंच चाललं आसंल."
मी म्हणालो, कुणाला बोलू नको.

२१ फेब्रुवारी
शांतपणे बघितलं तर फसवणूक माझीच झाली. लाईटीनं केली. आणि सुमितनं तरी कुलूप काढून बघायला नको? माणसानं दोस्तावर एवढा विश्वास ठेवायचाच कशाला?
दौंडला जाऊन पिना आणल्या, प्लेटा जोडल्या. आता दिवसरात्र चालतंय. म्हणजे खरं सांगून तांत्रिक फायदा काहीच नाही.
तरी ठराव: रविवारी सकाळी आबांकडं जाऊन सांगणे. मग सुमितकडं.

२३ फेब्रुवारी, रविवार, सकाळ
आबा लग्नाला गेले असतील. रविवार आहे.

संध्याकाळ, साडेपाच
चौकशी केली, गेले नव्हते. असो. वाक्य तयार केलंय, 'काही तांत्रिक कारणामुळे झालेल्या गैरसमजाबद्दल.' कुणाचं नाव नाही, कुणाला दुखणार नाही. उद्या नक्की.
दारात कोणतरी आलंय. आवाज ओळखीचा आहे. जाईबाई मावशी, सुमितची आई. पंधरा तारखेपासनं त्या आमच्या गल्लीतनं जात नव्हत्या. आई आत ये म्हणाली तरी उंबऱ्याबाहेरच उभ्या आहेत. आईला म्हणतायत, "पोरगं चुकलं माझं. सम्राटला म्हणावं, मावशीकडं बघून पोटात घाल."
आई मला हाक मारतेय.