पिन बोटाने बसली, बाबा!

तीर्थरूप बाबा,

विमानाच्या दरवाजाची आपल्या कारखान्यात जोडलेली पहिली चौकट आज तपासणीत उत्तीर्ण झाली! तुम्हांला जाऊन वर्ष होत आले, तरी ही बातमी तुम्हांला कळवल्याशिवाय घास उतरेना, म्हणून लिहितो आहे.

करंजाच्या किनाऱ्यावर तुम्ही होड्या बांधत असताना फळ्यांमधली फट दिसली की मी हटकत असे. तुम्ही हसून म्हणायचात, "अरे बीकॉम, पान्यात जाऊ दे होडीला! फळी फुगली की फट नाय रात." लाकूड तुमचे ऐकत असे. अ‍ॅल्युमिनियम मात्र कोणाचेच ऐकत नाही! जराशी ऊब लागली तरी वाढते, आणि समोरासमोरची भोके चुकतात.

आणि आज काय झाले असेल? तुमच्या लाडक्या सुनेने, सुनंदाने, तपासणीआधी पूजा मांडली. पेटती समई कुठे ठेवावी? चौकट ज्या पोलादी साच्यात आवळून धरली होती, थेट त्याच्या पायाशी! सुकापूरचे शेजारी दर्शनाला आले म्हणून शटर सताड उघडे, एसीचा गारवा बाहेर. तपासनीस आले, आणि चौकटीची भोके साच्याशी जुळली की नाही हे दाखवणारी शेवटची पिन भोकात शिरेना.

चौकट नापास झाली असती तर विमानाचे काम हातचे गेले असते. पुन्हा द्रोणागिरीच्या गोदामांसाठी लोखंडी मांडण्या जोडत बसलो असतो.

फोरमन महेश कुजबुजला, "साहेब, दोन टिचक्या मारू? बसंल."

"हातोडी खाली!" मी ओरडलोच. ठोकून बसवलेला जोड आतून ताणलेला राहतो. आकाशात तो ताण कोणी सोसायचा?

"समई हलवायची नाय," सुनंदा आडवी आली. "देव हाय तो."

"मग देवाला ऑफिसात बसवू. तिथे खुर्ची तरी आहे."

ती हसली, समई उचलून ऑफिसात घेऊन गेली, आणि मी सुटलो. शटर ओढून थांबलो. तपासनीस घड्याळाकडे पाहत होते, मी धातू निवण्याची वाट पाहत होतो. चहा झाला, पुन्हा चहा झाला. मग महेशने पिन टेकवली आणि, बाबा, ती नुसत्या बोटाच्या दाबाने आत सरकली!

तपासनिसांनी एकेक भोक मापले, सही केली आणि म्हणाले, "आता फोडा नारळ. पण बाहेर!"

हे पाहायला तुम्ही हवे होतात. एवढी कसली घाई होती हो?

एक वचन देतो. माझ्या हयातीत या कारखान्यात एकही पिन ठोकून बसवली जाणार नाही. आणि अशी चौकट लागलेले विमान उडू लागले, की आईला त्यातून नेईन. तिला आजच विचारले. म्हणाली, "भ्या वाटतं रे. पन दाराला टेकून बसन."

तिला दाराशीच बसवीन.

आपला,
रमाकांत