दोनच फळ्या

बिस्मिल्ला.

मी, कस्मुरी, सोदिक्रोमो यांचा मुलगा, वय एकाहत्तर, धंदा सुतारकाम, राहणार करंगसारी, जिल्हा जेपारा, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहवून देत आहे. कुणाचा दबाव नाही, कुणी गोड बोलून पटवलेले नाही. डोके ठिकाणावर आहे. छाती मात्र नाही. पन्नास वर्षे तोंडाला फडके न बांधता सागाचा भुसा आत ओढला, आता तो बाहेर यायला तयार नाही. हात कापतो म्हणून अक्षर माझ्या मुलीचे, अनिफाहचे आहे. शब्द माझे आहेत. तिने मध्येच भाषा सुधारू नये असे तिला बजावले आहे.

कलम १. माझी पत्नी रुकायाह सहा वर्षांपूर्वी वारली. राहते घर व मागची नारळाची झाडे माझी दोन मुले, झैनुरी आणि अनिफाह, यांच्यात धर्माने ठरवून दिलेल्या वाट्यांप्रमाणे जावीत. स्वयंपाकघराच्या दाराची चौकट मी स्वतः बसवली असून ती डावीकडे झुकलेली आहे. गावाची दारे सरळ करणारा घरचे दार वाकडे ठेवतो, हे रुकायाह मला जन्मभर ऐकवत आली. ती चौकट कुणी सरळ करू नये.

कलम २. रुकायाहच्या बांगड्या अनिफाहच्या. तिच्या भावजयीने त्या "एका लग्नापुरत्या" मागितल्या तर द्यायच्या की नाही, हे अनिफाहने ठरवावे. माझे मत तिला माहीत आहे. बँकेत जे काही असेल ते घराप्रमाणेच वाटावे.

कलम ३. शेजारी हाजी मुस्ताईन यांनी माझा फळ्या आवळून धरायचा सर्वांत मोठा शिकंजा हजला जाण्याआधी नेला. हजहून आल्यापासून माणूस पार बदलला असे सगळे म्हणतात. शिकंजा मात्र अजून त्यांच्याकडेच आहे. मी तो त्यांना माफ करतो. ते माझ्या मयतीला आले तर शिकंज्याचा विषय काढू नये. नाही आले तर काढावा.

कलम ४. कारखाना, म्हणजे पत्र्याची शेड, रंधा मशीन, भोके पाडायचे मशीन आणि गोल करवतीचे टेबल, झैनुरीकडे जावा. यास अनिफाहची संमती आहे. जमिनीचे कलम ६ मध्ये लिहिले आहे. कारखाना त्याला अटींवर मिळेल. झैनुरी अटी वाचत नाही, म्हणून त्या सर्वांसमोर मोठ्याने वाचून दाखवाव्यात.

करवतीच्या पात्यावर लोखंडी झाकण आहे. पात्याच्या मागे, त्याच्याच रेषेत, एक पोलादी पट्टी उभी आहे. फळी चिरत पुढे गेली की तिचे दोन भाग पुन्हा एकमेकांकडे मिटू बघतात. ते पात्यावर आवळले गेले तर पाते अख्खी फळी उचलून माणसाच्या अंगावर फेकते, आणि फळीवर असलेला हात पात्यावर जातो. ती चीर मिटू नये म्हणून ती पट्टी असते. अर्धवट खोलीची खाच पाडायची असेल तर दोन्ही काढावी लागतात, हे मान्य. पण खाच संपल्यावर पुढची फळी हातात घेण्याआधी ती परत बसवावीत. आधी पट्टी, मग फळी.

पात्याच्या समोर उभे राहू नये, बाजूला राहावे. अरुंद तुकडा बोटाने ढकलू नये. त्यासाठी काठी भिंतीला टांगलेली आहे, ती कॉफी ढवळायला नाही. हातमोजे घालून करवतीजवळ जाऊ नये, पाते मोजा पकडते आणि मोज्यासोबत हात नेते. लुंगीचे टोक खोचावे. पात्याला हात लावण्याआधी वायर भिंतीतून उपटावी, नुसते बटण बंद करून भागत नाही. तोंडाला फडके बांधावे. नाहीतर माझ्याकडे बघावे.

मागच्या महिन्यात झैनुरीने झाकण काढून कोपऱ्यात ठेवलेले मी पाहिले. विचारल्यावर तो म्हणाला, "बापाक, झाकण लावलं की कापायची रेघ दिसत नाही. सगळ्या गावात कोण लावतं सांगा."

"मला रेघ दिसायची," मी म्हणालो. "लख्ख दिसायची."

"मग झालं तर."

झाले नाही. कसे ते त्याला सांगण्याची माझी तेव्हा छाती झाली नाही. ते पुढच्या कलमात सांगतो.

शेवटची अट. या कारखान्यात "दोनच फळ्या आहेत" असे जो म्हणेल, त्याने त्या दिवशी काम बंद करून घरी जावे. मालक असला तरी.

कलम ५. हे कलम मालमत्तेचे नाही. पण हे सांगितल्याशिवाय पुढचे कलम कुणाला समजणार नाही.

सुल्खान हा रुकायाहचा धाकटा भाऊ. मला तो कांग म्हणतो, थोरल्या भावाला म्हणतात तसे. नक्षीकामात त्याच्या तोडीचा माणूस मी पाहिलेला नाही. जमिनीवर मांडी घालून बसायचा, डाव्या हातात पटाशी, उजव्यात लाकडी ठोकळा, आणि गप्पा मारता मारता फळीतून वेल बाहेर यायची.

सन २००० मध्ये रुपियाहचा भाव पडलेला होता आणि परदेशी गिऱ्हाइकांची आमच्याकडे रीघ लागली होती. ज्याच्याकडे करवत होती तो कारखानदार झाला. त्या वर्षी गावच्या मूळपुरुषाच्या कबरीजवळचा साग वादळात पडला. त्याचा बुंधा मी घेतला. उतारावर वाकडा वाढलेला साग होता तो, आत ताण धरून बसलेला. असा साग चिरताना चीर लगेच मिटते. हे मला माहीत होते.

कबरीजवळच्या लाकडाला करवत लावण्याआधी आजोबांची, म्हणजे त्या मूळपुरुषाची, परवानगी घेण्याची आमच्यात रीत आहे. फुले, लाल-पांढरी खीर, केळी आणि एक उकडलेले अंडे असे ताट कबरीवर ठेवायचे. रुकायाहने ताट केले, सुल्खान घेऊन गेला. परत आला तेव्हा तोंड चालू होते.

"कांग, फुलं आजोबांना, केळी आजोबांना. अंडं मी खाल्लं. आजोबांना दात कुठे आहेत?"

मी पोट धरून हसलो. ऑगस्टमधली सकाळ होती, दहा वाजले असतील.

मी कपाटाच्या दारांसाठी खाचा पाडत होतो, म्हणून झाकण आणि पट्टी काढलेली होती. खाचा संपल्या. त्या सागाच्या दोन फळ्या चिरायच्या राहिल्या होत्या. माल गुरुवारी बंदरावर जायचा होता, करवतीवरचा माणूस आला नव्हता आणि मला गिऱ्हाइकाचा फोन आला. मी सुल्खानला म्हणालो, "तेवढ्या फळ्या ढकल." तो नक्षीवाला. करवतीवर उभे राहणे त्याचे काम नव्हते. तरी तो उठला. करवतीजवळ जाऊन मला म्हणाला, "कांग, हिचं टोपडं कुठं आहे?"

मी म्हणालो, "दोनच फळ्या आहेत."

पहिली फळी गेली. दुसरी मध्यावर मिटली. फोन माझ्या कानाला होता. आधी पात्याचा आवाज बदलला आणि मग फळी मागच्या पत्र्यावर आदळली. त्याच्या डाव्या हाताची पहिली दोन बोटे गेली, अंगठ्याशेजारची.

दवाखान्यातून परत येऊन मी सर्वांत आधी काय केले, ते लिहितो. मी पट्टी बसवली, झाकण बसवले, चारही बोल्ट आवळले. मग टेबलावरचे रक्त पुसले. शेजारी बघायला आले तेव्हा मशीन जसे असायला हवे तसे होते.

"सगळं तर जागच्या जागी आहे," कुणीतरी म्हणाले. "मग झालं कसं?"

मी म्हणालो, "सकाळी त्याने आजोबांचं अंडं खाल्लं."

संध्याकाळच्या नमाजापर्यंत गावभर झाले. मशीन कुणी पुन्हा पाहिले नाही. कबरीची देखभाल करणाऱ्या म्हाताऱ्याने सांगितले की आजोबांनी ज्याचा हात घेतला त्याने आता सागाला हात लावू नये, नाहीतर दुसराही जाईल. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात सुल्खानने मला विचारले, "कांग, अंड्यामुळेच झालं ना?" मी त्याला पेज भरवत होतो. खोलीत दुसरे कुणी नव्हते. मी म्हणालो, "आता तो विचार करू नकोस. खा."

त्याने पुन्हा पटाशी धरली नाही. गेली अठरा वर्षे तो कारखान्यांतला भुसा पोत्यांत भरून हातगाडीने वीटभट्टीवर नेतो. माझ्याही कारखान्यातून नेतो. अंडे खात नाही. रुकायाहलाही मी खरे सांगितले नाही. भावासाठी ती दर वर्षी कबरीवर ताट न्यायची आणि अंडी दोन ठेवायची. ती तशीच गेली. याची मला लाज वाटते. एवढ्या वर्षांत एक दिवस असा गेला नाही की वाटली नाही, आणि एक दिवस असा आला नाही की मी तोंड उघडले.

अपघात कुणाच्या शापाने झाला नाही. मी पट्टी परत लावली नाही म्हणून झाला.

~~कलम ६. धर्माप्रमाणे माणसाला मृत्युपत्राने एक तृतीयांशापर्यंत मालमत्ता वारसांबाहेर देता येते. त्या मर्यादेत मी कारखान्याच्या जमिनीचा रस्त्याकडचा भाग सुल्खान यास देत आहे. तसेच त्याने त्या दिवशी मागे ठेवलेल्या छत्तीस पटाश्या त्यास द्याव्यात. मी त्या दर शुक्रवारी तेल लावून ठेवल्या आहेत.~~ (खोडलेले कलम. कारण पुढे.)

पुरवणी. येथपर्यंत लिहून झाल्यावर मी अनिफाहला सांगितले की हे पाकीट माझ्या पश्चात उघडावे. तिने लेखणी खाली ठेवली.

"बापाक, तुम्ही गेल्यावर लिक कुणावर चिडणार? कबरीवर?"

सुल्खानला ती लिक म्हणते, काका-मामाला म्हणतात तसे.

"तू लिही."

"आधी लिकला बोलावते. मग लिहिते."

तिने ऐकले नाही. साक्षीसाठी आलेले गावचे मोदीन, म्हणजे मशिदीचे आणि मयतीचे बघणारे, सोलिकिन बसलेलेच होते. सुल्खान गाडी बाहेर लावून आला, पाय धुऊन चटईवर बसला. अनिफाहने त्याला कलम पाच वाचून दाखवले. माझ्याकडे तिने एकदाही पाहिले नाही.

सुल्खान म्हणाला, "दवाखान्यातलं परत वाच." तिने परत वाचले.

"म्हणजे आजोबा रागावले नव्हते."

"नाही," मी म्हणालो.

"आणि मला सागाची मनाई नव्हती."

"नव्हती."

त्याने डावा हात मांडीवर उलटा ठेवून पाहिला. "तीन बोटांवर पटाशी धरता येते, कांग. पलीकडच्या गावचा जुमारी धरतो. मी त्याचं काम बघायला जायचो. पोती भरायच्या निमित्ताने. तासभर उभा राहायचो."

बोटे घेतली ती करवतीने. बाकीचे सगळे मी घेतले, हे मला त्या क्षणी समजले. इतकी वर्षे मी दोनच बोटांचा हिशेब करत होतो.

मोदीन म्हणाले, "सुल्खान, माणूस आजारी आहे. माफ करून टाक."

"मोदीनसाहेब, तुम्ही सही करायला आलात ना? सही करा."

मग त्याला कलम सहा वाचून दाखवले. तो म्हणाला, "जमीन नको. आणि पटाश्या तुम्ही देणारे कोण? त्या माझ्याच आहेत." उठून कपाटातून ते गुंडाळलेले कापड त्याने स्वतः काढले आणि मांडीवर घेऊन बसला. "मला साक्षीदार करा."

मोदीनांनी सांगितले की ज्याला वाटा मिळतो त्याला साक्षीदार होता येत नाही.

"मग वाटा खोडा. तुम्ही हे बोललात आणि मी ऐकलं, एवढं कागदावर राहू दे."

त्याप्रमाणे कलम सहा खोडले आहे. जमीन आता मुलांच्या वाट्यात धरावी.

जाण्याआधी तो दारात थांबला. आमच्यात ईदेला धाकट्याने थोरल्याच्या गुडघ्यांवर डोके ठेवून वर्षभराच्या चुकांची माफी मागायची असते.

"एकोणीस ईदा मी तुमच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं, कांग. तुम्ही डोक्यावर हात ठेवायचात, आणि म्हणायचात, माझंही काही चुकलं असेल तर माफ कर. मी म्हणायचो, केलं. ते सगळं मी परत घेतलं. या ईदेला मी येणार नाही. तुम्ही माझ्या घरी या, आणि काय चुकलं ते नाव घेऊन सांगा."

"आणि तू माफ करशील?"

"ते मी तेव्हा बघेन."

"ईदेपर्यंत मी नसलो तर? झैनुरीला पाठवतो."

"झैनुरीने काय केलंय? तुम्हाला चालवत नसेल तर चार माणसं लावा, उचलून आणतील. पण तुम्ही या."

कलम ७. ईदेला अकरा आठवडे आहेत. डॉक्टर आठवड्यांचे काही बोलत नाहीत. घर, कारखाना, बांगड्या, अगदी हाजी मुस्ताईन यांच्याकडचा शिकंजासुद्धा मी वाटून दिला आहे. हे एक काम मात्र मला कुणाच्या नावे करता येत नाही. ते माझ्याकडेच राहते.

वरील सर्व मला वाचून दाखवले, मी ते बरोबर असल्याचे सांगितले आणि खाली सही केली.

(सही) कस्मुरी

लेखन: अनिफाह. एकही शब्द सुधारलेला नाही.

साक्षीदार:

१. (सही) सोलिकिन, मोदीन, करंगसारी.

२. (सही) सुल्खान, भुसावाला, करंगसारी. वाचलेले सर्व मी ऐकले. माफ केले असे मी म्हटलेले नाही.

ठिकाण: करंगसारी, जेपारा
दिनांक: २० मार्च २०१९