नसलेली लाट

८ जानेवारी, बुधवार. विक्रोळी

आज सेमिनारमध्ये श्वेताला गप्प केलं.

माझा आलेख पडद्यावर होता. विश्व अगदी कोवळं असताना घनतेत बारीक चढउतार होते. सुटे सुटे असताना ते गुरुत्वीय लाटा उठवत नाहीत, एकमेकांत मिसळले की उठवतात. त्या लाटा किती मोठ्या, हे माझं काम. माझं उत्तर इतरांपेक्षा खूपच मोठं आलंय. पेपर डिसेंबरातच ऑनलाइन टाकला.

श्वेता मागून म्हणाली, "ऋता, मोजायची चौकट बदलून बघितलीस का? मला वाटतं ही लाट सुटून पुढे जातच नाही. चौकट बदललीस तर गायब होईल."

मी म्हटलं, "तू दोन वर्षं घरी होतीस ना, विषय पुढे गेलाय गं."

लोक हसले. मीही. श्वेता माझी एमएस्सीपासूनची मैत्रीण. मुलगी झाल्यावर सुट्टीवर होती, आत्ता नोव्हेंबरात परत आली. खाली बसली आणि बाटलीचं झाकण उगाच फिरवत राहिली.

९ जानेवारी

श्वेता जेवायला आली नाही. मीही बोलवायला गेले नाही.

१५ जानेवारी

बाबांनी माझ्या पेपरचं कॉलनीभर सांगितलंय. सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं की माझा सत्कार! कारखान्यातून रिटायर झाल्यापासून त्यांना इतकं खूश बघितलं नव्हतं. आईचं एकच — "साडी नेस गो, ड्रेस नको."

२३ जानेवारी, गुरुवार

श्वेताचं बोलणं डोक्यातून जाईना. म्हणून लॅबमध्ये बसून दुसऱ्या चौकटीत गणित केलं. आलेखावरचा तो मोठा उंचवटा गेला. सपाट. पुन्हा केलं, पुन्हा तेच. मोजणाऱ्याच्या सोयीने असते आणि नसते ती लाट नव्हेच. श्वेता बरोबर होती.

ती समोरच्याच रांगेत बसली होती. उठून तिच्याकडे जायला हवं होतं. कँटीनला गेले — एकटी. चहा घेतला. परत आले तेव्हा ती घरी गेली होती, आणि मला बरं वाटलं.

२६ जानेवारी, रविवार

घेतला सत्कार.

बॅनरवर माझा पासपोर्टचा फोटो, खाली 'विश्वाच्या जन्माच्या लाटा शोधणारी आमची ऋता'. सोसायटीचे अध्यक्ष दत्तारामकाका शाल घालताना म्हणाले, "पोरीने नाव काढलं." माईक हातात होता. सांगता आलं असतं. मी पाण्यावरच्या तरंगांचं उदाहरण दिलं, तेही छान रंगवून. टाळ्या पडल्या. बाबा पुढच्या रांगेत मोबाइलवर शूट करत होते. त्यांच्याकडे बघवेना.

कुणी फसवलं म्हणणार नाही. पण मला माहीत होतं.

२७ जानेवारी

रजा टाकली. बाबांना सांगितलं.

"म्हणजे चुकलं?"

"हो बाबा."

"काल ठाऊक होतं?"

"हो."

चष्मा काढून बनियनला पुसत बसले. मग म्हणाले, "शाल परत द्यायची का?" टोमणा नव्हता, खरंच विचारत होते.

२८ जानेवारी

गाईडना, नंदकुमार सरांना भेटले. म्हणाले, "छोटी दुरुस्ती टाक, गाजावाजा नको. पुढच्या नोकरीचं काय करशील?" मी म्हटलं, पेपर मागे घेते.

मग अख्ख्या ग्रुपला मेल लिहिली. चूक माझी. श्वेताने ती सेमिनारमध्येच दाखवली होती. मी तिला जे बोलले त्याची लाज वाटते. पाठवायचं बटण दाबायच्या आधी तीनदा वाचली. शेवटी दाबलं.

श्वेताचं टेबल रिकामं. मुलगी आजारी असेल.

२९ जानेवारी

श्वेताचा घाटकोपरच्या घरून फोन. "मेल वाचली. मीही घरी करून बघितलं होतं गं, माझं तेच उत्तर येत होतं. पण तू एवढ्या खात्रीने बोललीस... वाटलं, आपलंच डोकं आता चालत नाही. शुक्रवारी ऑफिसात जाऊन राजीनामा दिला मी."

शुक्रवारी. मला गुरुवारीच कळलं होतं.